भाताच्या नावाचा मुलगा

कथेतील माणूस वाचकाच्या मनात घर करतो तो कशामुळे, हा प्रश्न भाषा शिकविणाऱ्याला आयुष्यभर पुरतो. व्यक्तिचित्रणाचा पाठ घेताना आम्ही मुलांना सांगत असतो की, पात्राचे रूप, त्याचे बोलणे, त्याची कृती आणि त्याचे अंतःकरण या चार अंगांनी पात्र ओळखावे. मुले ते वहीत उतरून घेतात आणि त्याच वहीच्या शेवटच्या पानावर ताठ उभ्या केसांचा एक जपानी योद्धा पेन्सिलीने रेखाटतात. त्या योद्ध्याविषयी या महिन्याच्या सदरात लिहावे असे आम्ही योजिले आहे. आमच्या ज्येष्ठ वाचकांना हा विषय या पानांस न शोभणारा वाटण्याचा संभव आहे. तथापि घरातील नातवंडे ज्या कथेपुढे तासन्‌तास बसतात, ती कथा ‘मारामारी’ या एका शब्दात निकालात काढावी हे आम्हांस सुजाणपणाचे वाटत नाही.

मालिकेचे नाव ‘ड्रॅगन बॉल’. तिचे जनक अकिरा तोरियामा यांचा जन्म १९५५ सालचा; १ मार्च २०२४ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ते निवर्तले. १९८४ च्या अखेरीस ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकात त्यांनी ही चित्रकथा सुरू केली आणि १९९५ पर्यंत, आठवड्यामागून आठवडा, ५१९ प्रकरणांत ती पुरी केली. तिच्यावरून तोएई या संस्थेने काढलेली चित्रमालिका, जिला तिकडे ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात, १९८६ मध्ये दूरदर्शन संचावर आली. पहिल्या मालिकेचे १५३ भाग झाले, १९८९ ते १९९६ या काळात ‘ड्रॅगन बॉल झेड’चे २९१ झाले, पुढेही २०१५ ते २०१८ मध्ये ‘सुपर’ आणि २०२४-२५ मध्ये ‘डाइमा’ अशी तिला नवी पालवी फुटत राहिली. आपल्या देशात ती कार्टून नेटवर्क वाहिनीवरून, पुढे हिंदीतही, घराघरांत पोचली. एवढा दीर्घ काळ एखादे पात्र टिकते, तेव्हा त्यामागे मुष्टिप्रहारांहून अधिक काही असले पाहिजे, असे मानावयास हरकत नाही.

या कथेचे मूळ शोधू गेले तर वाट आपल्याच अंगणात येते. नायकाचे नाव सोन गोकू. सोळाव्या शतकातील ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीतील वानरवीर सुन वुकोंग याच्या नावाची अक्षरे जपानी पद्धतीने वाचली की ‘सोन गोकू’ होते. वुकोंग म्हणजे ज्याला शून्याचा बोध झाला तो. त्या कादंबरीतील यात्रा आहे बौद्ध भिक्षू ह्युएन-त्संग याची, आणि त्याची पश्चिम म्हणजे आपला भारत. वानराच्या या पात्रामागे आपला हनुमान असावा असे हू शि या चिनी पंडिताने सुचविले होते. लू शून यांना ते मान्य नव्हते. तो वाद पंडितांकडे सोपवू. खरा ह्युएन-त्संग मात्र सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात, येऊन गेला. उज्जयिनीचाही वृत्तान्त त्याने लिहून ठेवला. महाराष्ट्रातील लोकांविषयी त्याने नोंदविले आहे की, ते उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतात, पण शत्रूला आधी सूचना देऊन मगच शस्त्र उचलतात आणि शरण आलेल्यास मारीत नाहीत. गोकूच्या अंगी हेच गुण आहेत. हा योगायोग होय. त्यातून कोणतेही नाते सिद्ध करण्याचा मोह आम्ही आवरतो. परंतु नातवाच्या या आवडत्या वीराची ओळख करून घेताना आजोबांस अगदीच परक्या मुलखात पाऊल टाकल्यासारखे वाटू नये, एवढ्यापुरता तो सांगितला.

आता रूपाकडे वळू. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वेषभूषा व रंगभूषा यांनी साधतो तो आहार्य. गोमंतकातील आमच्या वाचकांनी दशावतारातला संकासुर पाहिला असेल. काळा वेष आणि लोंबती लाल जीभ दिसली की तो बोलण्याआधीच मांडवातील पोर त्याला ओळखते. चित्रमालिकेत तर सारेच आहार्य. नटाचा चेहराच नसल्याने जे काही सांगावयाचे ते रेषेने सांगावे लागते. शिवाय एकच पात्र दर आठवड्याला अनेक चित्रकारांच्या हातून उतरणार. म्हणून पात्राचा चेहरा समोरून, बाजूने, पाठमोरा कसा दिसतो, उंचीने कोण कोणाच्या खांद्याला लागतो, याचे नमुने आधी पक्के करून सर्वांना द्यावे लागतात. तोरियामांच्या चित्रांवरून हे नमुने घडविण्याचे काम पहिल्या मालिकेत मिनोरु माएदा यांनी केले आणि पुढे ‘झेड’च्या मध्यात कात्सुयोशी नाकात्सुरु यांनी हाती घेतले. पात्राची नुसती काळी सावली भिंतीवर पाडली तरी ते ओळखू यावे, ही या कलेची कसोटी. गोकूचे काट्यांसारखे केस, पिकोलोचा फेटा आणि झगा, क्रिलिनचे तुळतुळीत डोके व त्यावरील शाओलिन भिक्षूंची आठवण देणारे सहा ठिपके, या सर्वांना ती कसोटी लावून पाहावी. क्रिलिनला तर नाकच नाही, आणि कोणाला ते उणे भासत नाही.

यातील काही रूपे निकडीतून जन्मली, हेही सांगण्यासारखे आहे. आठवड्याला सुमारे पंधरा पाने काढावयाची आणि हाताशी मदतनीस जवळजवळ एकच. गोकूच्या केसांत दरवेळी काळी शाई भरण्यात मदतनिसाचा पुष्कळ वेळ जाई. १९९१ मध्ये क्रोधाच्या परमावधीला गोकूचे रूपांतर होते, त्या प्रसंगी तोरियामांनी केस कोरेच ठेवले. पडद्यावर ते सोनेरी झाले. त्यांनी स्वतःच पुढे सांगितले की, शाईचा तो वेळ वाचविणे हे यामागील एक कारण होते, आणि त्या रूपातील भेदक दृष्टी ब्रूस ली याच्या नजरेवरून सुचली. ज्या सोनेरी केसांची जगभरच्या मुलांनी पूजा बांधली, त्यांच्या मुळाशी थकलेल्या हाताची सोय होती. कलेत असे वारंवार घडते. अडचण दूर सारता येत नाही तेव्हा कलावंत तिलाच कामाला लावतो.

तोरियामांची दुसरी हातोटी म्हणजे आकार आणि सामर्थ्य यांची उलटापालट. आकाशातून दोन शत्रू उतरतात, एक धिप्पाड नाप्पा आणि एक ठेंगणा व्हेजिटा. प्रेक्षक धिप्पाडाला भितो आणि पुढे कळते की धनी ठेंगणा आहे. फ्रीझा हा खलनायक एकामागून एक अक्राळविक्राळ रूपे धारण करतो, त्याला शिंगे फुटतात, मस्तक लांबते. आणि शेवटचे, सर्वांत भयंकर रूप येते ते लहानखुरे, गुळगुळीत, जवळजवळ निरागस. मूळ जपानीत तो बोलतोही आदरार्थी, अत्यंत मार्दवाने. मृदू बोलून मुलूखच्या मुलूख उद्ध्वस्त करणारी माणसे इतिहासात कमी झालेली नाहीत. हे मुलांना कोणी समजावून सांगत नाही. ती ते पाहतात, आणि पाहिलेले विसरत नाहीत.

येथून आपण वाचिकाकडे येतो. फ्रीझाच्या उलट गोकू अगदी खेडवळ बोलतो. स्वतःला ‘मी’ म्हणण्यासाठी तो ‘ओरा’ हा गावरान शब्द वापरतो. जगातील सर्वांत बलाढ्य वीर आपली बोली सोडीत नाही. भाषांतरात ही गोष्ट बहुधा गळून पडते. प्रमाण भाषा आणि घरची बोली यांच्या कुतरओढीत आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीयांना त्या गळतीची हळहळ अधिक वाटावी. या भूमिकेला १९८६ पासून आवाज देत आहेत मासाको नोझावा या अभिनेत्री. त्यांचा जन्म १९३६ सालचा. बाल गोकू त्यांचा, प्रौढ गोकूही त्यांचाच. त्याचे दोन्ही पुत्रही त्यांच्याच आवाजात बोलतात. वयाची सत्त्याऐंशी वर्षे उलटल्यावरही ‘डाइमा’मध्ये त्यांनी गोकूला बोलते केले.

नावांची गंमत तर स्वयंपाकघरातली आहे. जपानीत भाजीला ‘यासाई’ म्हणतात. त्यातील अक्षरे उलटसुलट करून ‘साइयान’ ही योद्ध्यांची जात निघाली, आणि तिच्यातील वीरांची नावे भाज्यांवरून. व्हेजिटा म्हणजे सरळ भाजीपालाच; नाप्पा कोबीवर्गातला, रॅडिट्झ मुळा, आणि गोकूचे जन्मनाव काकारोट म्हणजे गाजर. गोकूच्या मुलाचे नाव गोहान, म्हणजे भात. जेवण असाही त्या शब्दाचा अर्थ आहे. ज्या वृद्धाने अनाथ गोकूला वाढविले त्याचे नाव गोहान होते, ते त्याने आपल्या पहिल्या मुलाला दिले. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची रीत आपल्या घरांतही आहे. तीमागचा भाव आमच्या वाचकांस उलगडून सांगण्याचे कारण नाही.

या भाताच्या नावाच्या मुलापाशी आम्हांला थोडे थांबावयाचे आहे. कारण मालिकेतील सर्वांत खोल व्यक्तिचित्रण आमच्या मते त्याचे आहे, आणि आम्हां शिक्षकांना व पालकांना त्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

गोहान प्रथम येतो तो चार वर्षांचा, डोक्यावर टोपी, वडिलांच्या पायांना बिलगलेला. गोकूचा भाऊ रॅडिट्झ शत्रू होऊन पृथ्वीवर उतरतो. त्याच्या डोळ्यावर समोरच्याचे बळ आकड्यांत सांगणारे एक यंत्र आहे. वाटेत भेटलेल्या शेतकऱ्याकडे पाहून यंत्र सांगते, पाच. रडणाऱ्या गोहानकडे पाहून सांगते, ७१०. आणि रॅडिट्झला वाटते, यंत्र बिघडले. पुढेही या यंत्राची अशीच फजिती होत राहते, कारण गोकू आणि त्याचे सोबती आपले बळ झाकून ठेवण्याची विद्या जाणतात. गुणपत्रिकेवरील आकड्याने मुलाची किंमत ठरवून मोकळे होणाऱ्या आपल्या समाजाने हे यंत्र अवश्य पाहावे. आम्हीही वर्षातून दोनदा गुणपत्रिकांवर सही करतो, म्हणून अधिकाराने सांगतो की, ते यंत्र बहुधा भेदरलेल्या मुलासमोरच चुकते.

या मुलाला घडवितो तो पिकोलो. हिरव्या अंगाचा हा योद्धा मूळचा गोकूचा हाडवैरी, त्याला मारण्यासाठीच जन्मलेला. तो गोहानला रानात नेऊन सोडतो, कठोरपणे शिकवितो. आणि वर्षअखेर शत्रूचा प्राणघातक वार गोहानवर येतो तेव्हा मध्ये उभा राहून तो स्वतःवर घेतो. आपल्याशी कोणी नीट बोलले असेल तर तो हा मुलगाच, हे मरताना तो कबूल करतो. शिष्याने गुरूला माणूस केले, असे म्हणावयास येथे जागा आहे. व्हेजिटाचा पालट याहून सावकाश होतो. पृथ्वी जिंकण्यास आलेला हा गर्विष्ठ राजपुत्र तिच्यावरच संसार थाटतो. आणि शेवटच्या पर्वात, ज्याला तान्हेपणापासून कधी जवळ घेतले नाही त्या मुलाला हृदयाशी धरून, सर्वांसाठी स्वतःची आहुती देतो. त्या क्षणीही कथा त्याचा जुना हिशेब पुसून टाकीत नाही. मेल्यावर गोकूची भेट होईल का, असे तो विचारतो तेव्हा पिकोलो स्पष्ट सांगतो की, नाही. तू निरपराधांना मारले आहेस. पश्चात्तापाने माणूस बदलतो, केलेले कर्म मात्र उरते. मुलांच्या मालिकेत एवढा समतोल दुर्मीळ.

आणि मग येतो सेल नावाच्या दैत्याशी सामन्याचा प्रसंग. गोहान दहा-अकरा वर्षांचा झाला आहे. काळ लांबविणाऱ्या एका खोलीत वडिलांनी वर्षभर त्याची तयारी करून घेतली आहे. गोकू स्वतः लढतो, मध्येच माघार घेतो आणि जाहीर करतो की, पुढे माझा मुलगा लढेल. एवढ्यावर न थांबता तो थकलेल्या सेलला शक्ती भरून आणणारा दाणा देतो, कारण लढत बरोबरीची व्हावी. वीराच्या दृष्टीने हे औदार्य. पण समोर मुलगा मार खात असतो, आणि त्याला लढावयाचेच नसते. तसे तो शत्रूलाही सांगतो. तेव्हा बाजूला उभा असलेला पिकोलो, तो जुना वैरी, गोकूला फटकारतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा: गोहान तुझ्यासारखा नाही, त्याला लढण्याची आवड नाही, आपले वडील आपल्याला सोडवावयास का येत नाहीत, एवढेच तो आता विचार करीत असेल. गोकूच्या चेहऱ्यावरचे हसू त्या वाक्यासरशी मावळते.

वाचकहो, हा प्रसंग पाहताना आम्हांस जपान आठवला नाही. आमचे इंदूर आठवले. येथे आणि राजस्थानातल्या कोट्यात दरवर्षी येणारी, परीक्षांच्या शिकवण्यांना घातलेली मुले आठवली. बापाने मुलात एक सुप्त सामर्थ्य पाहिलेले असते. त्याचा तर्क पुष्कळदा खराही असतो; गोकूचाही खरा ठरतो, गोहान त्या दैत्याला हरवितो. पण मुलाचे सामर्थ्य ओळखणे वेगळे आणि मूल ओळखणे वेगळे. गोकूला पहिले साधले, दुसरे राहून गेले. विजयाची किंमतही थोडी नव्हती. क्रोधाने मोकळे झालेले बळ त्या पोराला पेलत नाही, तो उन्मत्त होऊन शत्रूला संपविण्यास विलंब लावतो, आणि सर्वांना वाचविण्यासाठी वडिलांना प्राण द्यावा लागतो. त्याचे शल्य घेऊन मुलगा घरी येतो.

त्या घरात एक व्यक्ती आरंभापासून सांगत होती की, माझ्या मुलाला अभ्यास करू द्या, तो विद्वान होणार आहे. ती गोहानची आई ची-ची. मालिकेने तिला बहुतेक विनोदापुरते वापरले. ती ओरडते, मूर्च्छित पडते, आणि जग बुडत असता गृहपाठाची चौकशी करते, म्हणून मुले तिला हसतात. परंतु कथेचा निकाल तिच्या बाजूने लागला आहे. गोहान मोठा होऊन अभ्यासकच झाला. गोकूच्या जागी त्याला नायक करण्याचा आपला बेत होता, पण तो त्या भूमिकेत बसेना, असे तोरियामांनी सांगितले आहे. निर्मात्याने योजिलेला मार्ग नाकारण्याइतके ते पात्र स्वतंत्र झाले होते. व्यक्तिचित्रणाच्या यशाचा याहून मोठा पुरावा आम्ही तरी विद्यार्थ्यांपुढे ठेवू शकणार नाही. २०२२ च्या चित्रपटात हाच गोहान पुस्तकांत इतका गढलेला दिसतो की, त्याच्या मुलीला बालवाडीतून आणण्याचे काम पिकोलोवर येते. बापाचा दोष वेगळ्या वेषात मुलाकडे आला. घराघरांतून येतो तसा.

मालिकेत दोष नाहीत असे नाही. साप्ताहिकातील कथा पुढे सरकण्याआधीच दूरदर्शनचा भाग तयार करावयाचा, म्हणून योद्धे भागच्या भाग एकमेकांकडे टक लावून उभे राहतात. नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असे फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटे अनेक आठवडे चालतात. २००९ मध्ये हा फापटपसारा गाळून नवी आवृत्ती काढावी लागली. बुल्मासारखी बुद्धिमान, यंत्रविद्येत पारंगत स्त्री आरंभी कथेला गती देते आणि पुढे कडेला उभी केली जाते. सात गोळे जमविले की मृत माणसे परत येतात, त्यामुळे मरणाची धारही बोथट होते. आणि दूरदर्शनवरील गोकू फारच सद्‌गुणी झाला, आपल्या गोकूत थोडे विषही होते, अशी तक्रार खुद्द तोरियामांची होती. ती आम्हांस रास्त वाटते, कारण त्या विषावाचून सेलच्या प्रसंगातील बाप उमगत नाही.

आमच्या घरांतील मुले ही मालिका हिंदीत पाहतात, तिच्याविषयी आपसांत हिंदीतच बोलतात, आणि आजी-आजोबांशी त्या विषयावर काही बोलता येईल असे त्यांच्या मनातही येत नाही. मराठीचा मुलांशी संबंध राहिला नाही म्हणून आपण सभा भरवितो. मुलांच्या मनात आज ज्या गोष्टी वसतीला आहेत त्यांविषयी मराठीतून बोलणे हाही तो संबंध राखण्याचा एक उपाय आहे, आणि त्यास वर्गणी लागत नाही. या सुटीत नातवाशेजारी बसून सेलच्या लढतीचे भाग पाहावेत. मध्ये बोलू नये. भाग संपल्यावर त्याला मराठीत एकच विचारावे: गोकूने मुलाला लढावयास पाठविले, ते बरोबर केले का? उत्तर काय येईल ते आम्ही सांगू शकत नाही. मात्र ते शांतपणे ऐकून घ्यावे आणि मुलाच्या वडिलांसही तेथे बसवून घ्यावे, एवढी आमची विनंती आहे.